दिवाणखान्यातील टीव्ही किती उंचावर?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात अमरावतीच्या साईनगर भागातील एकाहत्तर वर्षांच्या एक काकू माझ्याकडे आल्या. संध्याकाळी बसल्या जागी घर फिरल्यासारखे वाटते, मान दुखते आणि उजव्या हाताच्या अंगठ्याकडे मुंग्या येतात, अशी त्यांची तक्रार होती. रक्तदाब ठीक होता, साखर नेहमीच्याच पातळीवर होती. बोलणे, चालणे, हातापायांतील शक्ती हे सारे तपासले, त्यात काही उणे आढळले नाही. मी चक्कर थांबविण्याच्या गोळ्या दिल्या, मानेला शेक सांगितला, उशी पातळ करायला सांगितली. दहा दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा गोळ्या बदलून दिल्या. प्रामाणिकपणे सांगायचे, तर या काळात एक साधा प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता. संध्याकाळी तुम्ही बसता कुठे आणि पाहता कुठे?

उत्तर मिळाले ते त्यांच्या यजमानांना ताप आला म्हणून मी घरी गेलो तेव्हा. समोरची खोली दहा बाय दहाची. एका भिंतीला दिवाण, समोरच्या भिंतीला जुने शोकेस, आणि त्या शोकेसच्याही वर, छताकडे अधिक आणि माणसांकडे कमी पाहणारा, दिवाळीत घेतलेला ४३ इंची नवा टीव्ही. काकू दिवाणावर बसून मालिका पाहत होत्या. हनुवटी वर, मान मागे, तोंड किंचित उघडे. मी त्यांच्या मुलाला उंचीबद्दल विचारले. तो म्हणाला, बसवणाऱ्या मुलाने सांगितले की वरच छान दिसतो, शिवाय शोकेस हलवावे लागत नाही. मी काकूंकडे पाहिले. त्या हसून म्हणाल्या, "मले कोनं इचारलं जी?"

आजचा स्तंभ त्या प्रश्नाचा आहे. टीव्ही भिंतीवर लावणे ही वरवर सुताराची किंवा इलेक्ट्रिशियनची बाब वाटते. परंतु ज्या घरात सत्तरीपुढचे माणूस आहे, गुडघ्यांमुळे ज्याचे बाहेर जाणे आटले आहे आणि जे रोज चार-पाच तास त्या एका चौकटीकडे पाहत बसते, त्या घरात भिंतीतली ती चार छिद्रे औषधाच्या चिठ्ठीइतकीच महत्त्वाची असतात.

आपल्याकडे टीव्ही उंचावर ठेवण्याची सवय आली कुठून, याचा मी विचार केला आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वऱ्हाडात घरोघरी संच यायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले, तेव्हा आमच्या पिढीने जे पाहिले ते असे, की गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही, खोलीत जमिनीवर मुले, मागे बायका, दारात आणि खिडकीत उभे पुरुष. एवढ्या गर्दीला दिसायचे तर संच उंच टेबलावर, फळीवर, कपाटावर ठेवणेच भाग होते. आज ती गर्दी गेली आहे. त्या खोलीत दुपारी दोन ते रात्री नऊपर्यंत बहुधा एकच माणूस असते, आणि ते बसलेले असते. उंची मात्र गर्दीचीच राहिली. दुसरे अनुकरण हॉटेलांचे आणि रुग्णालयांचे. हॉटेलातला टीव्ही उभ्या-चालत्या माणसांसाठी असतो, आणि रुग्णालयातला आडव्या पडलेल्या माणसासाठी. आपल्या दिवाणावर ताठ बसलेली आई या दोहोंपैकी कुठेच बसत नाही.

वर पाहिल्याने नेमके होते काय, ते समजून घेऊ. आपल्या डोक्याचे वजन साधारणपणे साडेचार ते पाच किलो असते. मान सरळ असली म्हणजे हे वजन मणक्यांवर नीट तोलले जाते. मान मागे झुकली की मणक्यांच्या मागच्या बाजूचे लहान सांधे एकमेकांवर दाबले जातात, आणि हातांकडे जाणाऱ्या नसा ज्या फटींतून बाहेर पडतात त्या फटी अरुंद होतात. तरुण माणसाला याचे काही वाटत नाही. साठीनंतर मात्र बहुतेकांच्या मणक्यांची थोडीफार झीज झालेलीच असते, हाडांना लहान कंगोरे आलेले असतात. मग तीच फट नसेला चिमटा घेते. खांदा दुखतो, हातात मुंग्या येतात. काकूंच्या अंगठ्याकडच्या मुंग्यांचा उगम बहुधा तिथेच होता.

चक्करेचे कारण थोडे वेगळे असू शकते. अंतर्कर्णात तोल सांभाळणारी यंत्रणा आहे, आणि तिच्यात कॅल्शियमचे अतिसूक्ष्म खडे असतात. वयानुसार ते कधी कधी जागा सोडतात आणि अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. मग डोके वर केले, कूस बदलली, उंच फळीवरचा डबा काढायला गेले की काही सेकंद सारे जग गरगरते. हा विकार त्रासदायक असला तरी घातक नाही. डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते खडे मूळ जागी नेण्याची पद्धत आहे, ती डॉक्टरांकडून करून घ्यावी. काकूंना मी नंतर खाटेवर मान वळवून झटकन आडवे केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांची ती ठरावीक थरथर दिसली. म्हणजे मानेचे दुखणे एक आणि कानाची चक्कर दुसरी, आणि दोन्हींना दररोज संध्याकाळी डिवचणारा तो एकच टीव्ही! मात्र एक इशारा इथेच देतो. चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले, तर टीव्हीची उंची मोजत बसू नये. रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आता प्रत्यक्ष मोजमाप. आपल्याकडचा दिवाण जमिनीपासून साधारण १६ ते १८ इंच उंच असतो. त्यावर बसलेल्या वृद्ध स्त्रीचे डोळे बैठकीपासून २५-२६ इंचांवर येतात. म्हणजे जमिनीपासून ४१ ते ४४ इंच, साडेतीन फुटांच्या आसपास. टीव्हीच्या पडद्याचा मध्य याच उंचीवर किंवा त्याहून दोन-तीन इंच खाली असावा. ४३ इंची टीव्हीची उभी उंची सुमारे २२ इंच असते, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर येईल. अनेकांना हे फार खाली वाटते. बसवायला आलेला मुलगा तर हमखास वाद घालतो, कारण तो उभा असतो! त्याला आधी दिवाणावर बसवावे आणि मग बोलावे.

साईनगरच्या त्या घरात पडद्याचा मध्य सहा फुटांवर होता. डोळ्यांपासून भिंत साडेसात फूट. हिशेब केला तर काकूंची नजर पडद्याच्या मध्याकडे सुमारे १८ अंश आणि वरच्या कडेकडे जवळजवळ २५ अंश वर चढत होती. खोली जितकी लहान, तितका हा कोन अधिक तिरपा होतो. मोठ्या दिवाणखान्यात पंधरा फुटांवरून पाहणाऱ्याला जी उंची चालून जाते, ती आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चालत नाही.

पाठीला पोक आलेल्या वृद्धांचा विचार आणखी वेगळा करावा लागतो. पोक आलेल्या माणसाचा चेहरा स्वाभाविकपणे जमिनीकडे असतो, आणि नुसते समोर पाहायलाही त्याला मान मागे न्यावी लागते. म्हणजे समोर पाहतानाच त्याच्या मानेची मागे जाण्याची बरीच क्षमता संपलेली असते. अशांसाठी टीव्ही डोळ्यांच्या रेषेपेक्षाही सहा-आठ इंच खाली लावला तरी ते चुकीचे नाही. माप घ्यायचे तेही सकाळी ताठ बसवून नव्हे. संध्याकाळी, नेहमीच्या जागी, नेहमीच्या उशीला टेकून, नेहमीचा चष्मा लावून बसलेले असताना घ्यावे. दिवसअखेर वृद्ध माणूस दोन-तीन इंच खचूनच बसते.

माप घेतल्यावर लगेच ड्रिल चालवू नये. अकोल्यात 'देशोन्नती', अमरावतीत 'हिंदुस्थान', जो पेपर घरी येत असेल त्याची जुनी पाने जोडून टीव्हीच्या आकाराचा कागद करावा. ४३ इंचीसाठी साधारण ३८ बाय २२ इंच. तो चिकटपट्टीने भिंतीवर लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. आईबाबांना त्या कागदाकडे पाहत बसायला सांगितले तर ते हसतील, हसू द्यावे. दुपारी खिडकीचा उजेड त्यावर पडतो का, उघडलेले दार आड येते का, जेवायला बसण्याची जागा कुठे येते, हे सारे त्या दोन दिवसांत कळते. मोतीबिंदू पिकत असलेल्या डोळ्यांना पडद्यावरची चकाकी फार त्रास देते, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत शक्यतो टाळावी.

भिंतीवर टीव्ही बसवण्याच्या लोखंडी चौकटीला दुकानात 'वॉल माउंट' किंवा नुसते 'स्टँड' म्हणतात. तिचे तीन प्रकार मिळतात. पहिला स्थिर. टीव्ही भिंतीला चिकटून राहतो, हलत नाही. स्वस्त आणि मजबूत. दुसरा झुकणारा. यात टीव्हीची वरची कड पुढे कलवता येते. तिसरा हाताचा, म्हणजे घडीच्या बाहूवर टीव्ही पुढे ओढता येतो आणि डावीकडे-उजवीकडे वळवता येतो.

झुकणाऱ्या प्रकाराबद्दल एक गैरसमज घरोघरी दिसतो. "वर लावू आणि थोडा खाली झुकवू, म्हणजे झाले." झुकवल्याने चित्र स्वच्छ दिसते, चकाकी कमी होते, हे खरे. पण झुकतो तो टीव्ही, आपली नजर नव्हे. सहा फुटांवरचा टीव्ही कितीही झुकवला तरी तो सहा फुटांवरच राहतो आणि मानेला तितकेच मागे जावे लागते. बसणाऱ्या माणसासाठी उंची बरोबर असेल तर साधा स्थिर स्टँड पुरतो.

झुकणाऱ्या स्टँडची खरी गरज आहे ती अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला. अकोल्याच्या जठारपेठेतील एका घरी अर्धांगवायू झालेल्या आजोबांना मी अधूनमधून पाहायला जातो. त्यांच्या मुलाने माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून टीव्ही अडीच फुटांवर लावला, आणि चूक माझी झाली. मी 'बसणाऱ्या' माणसाचे माप सांगितले होते. आजोबा तर पाठीमागे दोन उशा घेऊन रेललेले असतात. त्यांची नजर आपोआप वर, भिंत आणि छत यांच्या मधोमध जाते. खालचा टीव्ही पाहायला त्यांना हनुवटी छातीला लावावी लागे. शिवाय त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा, वर लांबचे आणि खाली वाचायचे. रेललेल्या अवस्थेत खालच्या टीव्हीकडे पाहताना नजर वाचायच्या भिंगातून जात होती आणि सारे अंधुक दिसत होते. ते बिचारे डोळे गेले असेच समजून बसले होते. टीव्ही पाच फुटांवर नेला, पुढे झुकवला, आणि लांबचे पाहण्यापुरता एकेरी भिंगाचा साधा चष्मा करून घेतला, तेव्हा त्यांना क्रिकेटचा चेंडू दिसू लागला. प्रगत भिंगांचा, म्हणजे प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. टीव्हीसाठी वेगळा चष्मा ही चैन नाही.

अर्धांगवायूनंतर काही रुग्णांचे एका बाजूकडे लक्षच जात नाही. तिकडची वाटी दिसत नाही, तिकडून आलेला माणूस कळत नाही. अशा रुग्णाच्या खोलीत टीव्ही कोणत्या बाजूला असावा, हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावे. उपचाराचा भाग म्हणून कधी कधी तो मुद्दाम दुर्लक्षित बाजूकडे ठेवतात.

हाताच्या स्टँडचा मी फारसा चाहता नाही. लहान खोलीत तो ओढलेला राहतो आणि त्याचा कोपरा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळाला लागतो. काचबिंदूमुळे ज्यांची बाजूची नजर कमी झाली आहे त्यांना तर नक्कीच. शिवाय बाहू पुढे ओढला की भिंतीतल्या वरच्या बोल्टांवरचा ताण कितीतरी वाढतो. विहिरीतून पाण्याची बादली अंगाशी धरून काढणे आणि हात लांब करून काढणे यांत जो फरक, तोच इथे. एका प्रसंगी मात्र तो खरेच उपयोगी आहे. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग वयामुळे झिजला असेल, तर रुग्णाला चित्र मोठे आणि जवळ लागते. अशा आजीला टीव्ही चार फुटांपर्यंत ओढून द्यावा. जवळून टीव्ही पाहिल्याने डोळे खराब होतात ही समजूत आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे, तिला आधार नाही. डोळे थकतात, बिघडत नाहीत.

स्टँड घेताना टीव्हीच्या मागची चार छिद्रे मोजून न्यावीत. आडवे आणि उभे अंतर मिलिमीटरमध्ये, जसे २०० बाय २०० किंवा ४०० बाय ४००. ही मापे जगभर ठरलेली आहेत आणि त्यांना 'व्हेसा' म्हणतात. टीव्हीचे वजन खोक्यावर लिहिलेले असते. ३२ इंची साधारण ४ ते ६ किलो, ४३ इंची ७ ते १० किलो भरतो. स्टँडवर लिहिलेली क्षमता याच्या दुपटीहून कमी असू नये.

आता भिंत. वऱ्हाडात हा प्रश्न इतर ठिकाणांहून बिकट आहे, कारण आपली घरे काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतीही तिच्याबरोबर वर-खाली होतात आणि दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. ज्या भिंतीला अशी भेग आहे, जिथे ओल येते, जिथे ठोकल्यावर गिलावा पोकळ वाजतो, तिथे टीव्ही लावू नये. नऊ इंची विटांची भिंत उत्तम. चार इंची आडभिंतीवर ३२ इंची चालून जाईल, त्यापुढे मिस्त्रीला विचारावे. छिद्र गिलाव्यात नव्हे, विटेत खोल जायला हवे. गिलाव्यात अडकलेला प्लास्टिकचा प्लग काही महिने धरतो आणि एक दिवस सुटतो. गावाकडच्या जुन्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असतात, पण जाडी म्हणजे पकड नव्हे. तिथे सरळ बुटके, रुंद टेबल घ्यावे आणि टीव्ही पट्ट्याने टेबलाला बांधावा. सुट्टीत नातवंडे आली की टीव्हीला धरून उभी राहतात, आणि तो अंगावर पडून लहान मुलांना गंभीर इजा होतात.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ बाजूला ड्रिल करू नये, भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच रेषेत धावतात. आणि ड्रिलच्या वेळी दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवावे, ती धूळ वाईट असते.

यानंतर जे सांगणार आहे, ते माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. भिंतीवरच्या टीव्हीचा प्लग आणि बटण दिसू नये म्हणून हल्ली ते टीव्हीच्या मागे, पाच-सहा फुटांवर बसवतात. दिसायला सुबक. परंतु मे-जून महिन्यात वळवाचा पाऊस येतो, विजा कडाडू लागतात, आणि आपल्या घरांतली जुनी शिस्त अशी, की टीव्हीचा प्लग काढायचा आणि केबलची वायरही काढायची. शिस्त योग्यच आहे. मूर्तिजापूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी ती पाळली. घरात ते एकटे होते. प्लग काढायला प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले. खुर्चीचा पाय वळला. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. अकोल्यात शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. पण पूर्वी रोज सकाळी दोन किलोमीटर चालणारे ते गृहस्थ आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. टीव्ही अगदी योग्य उंचीवर होता. बटण तेवढे चुकले.

म्हणून सांगतो, प्लग आणि बटण उभ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर, टीव्हीच्या बाजूला, हात सहज पोहोचेल असेच असावे. सेट-टॉप बॉक्सही तिथेच. सौंदर्यासाठी हवे तर त्यापुढे फुलदाणी ठेवावी. वायर जमिनीवरून आडवी नेऊ नये, चटईखालून तर मुळीच नको. ती भिंतीच्या कडेने पट्टीत बसवून घ्यावी. भिंतीवर टीव्ही लावण्याचा वृद्धांसाठी मोठा फायदा म्हणजे टेबल, त्याचे टोकदार कोपरे आणि वायरींचा गुंता जमिनीवरून नाहीसा होतो. तो फायदा एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये टाकून घालवू नये.

वऱ्हाडातल्या वाचकांना कूलरबद्दल सांगायला नकोच, तरी सांगतो. पारा ४५ अंशांवर गेला की दिवाण कूलरच्या तोंडासमोर सरकतो. पडदा पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. वर पाहताना पापण्यांमधली फट मोठी होऊन डोळ्याचा अधिक भाग उघडा राहतो. त्यात तो वारा थेट डोळ्यांवर आला, की डोळे कोरडे पडून चुरचुरतात आणि उलट पाणीही गाळतात. वारा चेहऱ्यावर नव्हे, बाजूने जाईल अशी बैठक ठेवावी, आणि टीव्ही खाली आणावा. कृत्रिम अश्रूंचे थेंब त्यानंतर. कूलर आणि टीव्ही एकाच बोर्डावर घेऊ नयेत, आणि कूलरला अर्थिंग आहे याची खात्री करून घ्यावी.

आवाजाचेही थोडे. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून असतात. भिंतीवर आपटून आलेल्या आवाजात स, श, त, प ही व्यंजने पुसट होतात, आणि वयोमानाने कमी होणारे ऐकूही नेमके यांच्यापासूनच सुरू होते. आवाज दर वर्षी दोन आकडे वर चढत असेल, तर भांडण करण्याआधी कानातला मळ पाहून घ्यावा आणि ऐकण्याची तपासणी करावी. टीव्हीखाली श्रोत्याकडे तोंड असलेला लहान स्पीकर लावला, तर अनेक घरांत शांतता नांदते.

रात्री खोली पूर्ण अंधारी करून टीव्ही पाहू नये. उजळ पडद्याकडून उठलेल्या वृद्धाला बाथरूमपर्यंतचा बोळ दिसत नाही. एक मंद दिवा टीव्हीच्या मागे किंवा बाजूला लावून ठेवावा. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणाऱ्यांनी दोन तास बसून झटकन उठू नये. आधी पाय हलवावे, मिनिटभर कडेला बसावे, मग उभे राहावे. आणि जाहिरातींचा एक तरी उपयोग करून घ्यावा, तेवढ्या वेळात खोलीत दोन फेऱ्या माराव्या.

साईनगरच्या घरी पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मुलाने शोकेस विकले नाही, आतल्या खोलीत नेले. कागद लावला, दोन दिवस काकूंना विचारले, आणि टीव्ही साडेतीन फुटांवर आणला. कानातल्या खड्यांसाठी मी दोनदा त्यांचे डोके वळवून घेतले. मानेचे दुखणे तीन-चार आठवड्यांत बरेच उतरले. मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, त्या इतक्या लवकर जातही नाहीत. फेब्रुवारीत कुशीवर वळताना एकदा पुन्हा चक्कर आली होती, पण आता त्या घाबरत नाहीत. वरची चार छिद्रे भिंतीत तशीच आहेत. गेल्या भेटीत मी त्यांकडे पाहिले, तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू द्या जी डाक्टर, त्यापरिस माह्या संडासातली कडी खाली करून द्याले सांगा याले. तेही वरच बसवली हाये."

मुलगा मोजपट्टी आणायला आत गेला.